पालकाचा वार्षिक हिशेब

पाल्याचे नाव : जयसिंग मालोजी शितोळे, वय बावन्न.
पालकाचे नाव : शैलजा, वय सत्तेचाळीस.
पाल्याशी नाते : वहिनी.

पाच वर्षांनी धाकटी ही पालक
पाल्याला अजून अहो भाऊजी म्हणते,
पहिलं ताट त्यांचंच वाढते.
कागदाला हे माहीत नाही.

सासूबाई गेल्या, वर्षाच्या आत हे गेले,
आणि कोठी कचेरीत समितीपुढे आम्ही दोघं बसलो.
साहेबांनी विचारलं, यांच्याजवळ राहायचंय ना?
भाऊजी म्हणाले, सात नंबरची बस मकरपुऱ्याला जाते.
साहेबांनी ते हो म्हणून लिहून घेतलं.
मीही हो म्हणूनच ऐकलं.

हुकमापासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी.
पोस्टातली दोन सर्टिफिकिटं.
मामंजींच्या प्रतापनगर वर्कशॉपची पेन्शन, आता यांच्या नावे.
नवापुऱ्यातल्या दोन खोल्यांत निम्मा हिस्सा.
अंगठी एक, बोटात शिरत नाही.
यादी वाचून दाखवली,
तर त्यांनी पलंगाखालून पत्र्याचा डबा पुढे सरकवला :
बसची तिकिटं, रबर लावून, वर्षावर्षाची वेगळी.
मी लिहिलं, तिकिटे, किंमत शून्य.
मग शून्य खोडलं.
तिथे काय लिहावं सुचलं नाही.
ती खाडाखोड अजून तशीच आहे, माझ्या सहीसकट.

दरवर्षी जून संपायच्या आत जमाखर्च.
फिटच्या गोळ्या, दाढीची ब्लेडं, नवी चप्पल
(उजवी लवकर झिजते, पण जोडच घ्यावा लागतो).
ऑगस्टमध्ये अकरा हजार.
इथे पेन थांबलं.
ते केतकीच्या हॉस्टेलला गेले होते.
सात परत भरले, चार राहिलेत.
खिडकीतल्या बेन हळूच म्हणाल्या, दवामां नाखी दो ने,
कोण वांचे छे आ बधुं?
मी म्हटलं, हुं वांचुं छुं.

पैशाला रकाने आहेत.
कडीला नाही.
बँकेत दीड तास जाणार, घरात गॅस,
म्हणून त्यांच्या खोलीला बाहेरून बसवून घेतली.
मग दूध आणायला जाताना लावली.
मग एका दुपारी नुसतीच,
पाठ टेकायची होती म्हणून.
आतून त्यांनी एकदाही दार वाजवलं नाही.
उघडलं की दाराशीच उभे असत, कान लावून,
कोणता आवाज ऐकत कुणास ठाऊक.

हुकमाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात आहे :
छळ किंवा हेळसांड झाल्यास पालकाला काढता येते.
तक्रार कुणी करायची तेही आहे :
आईवडील, नातेवाईक, किंवा नोंदलेली संस्था.
आईवडील भिंतीवर फोटोत.
नातेवाईक मी.

तेव्हा हिशेबाच्या खाली, बेरजेच्या रेघेनंतर,
जिथे काही लिहायचं नसतं तिथे लिहिलं :
बाहेरून कडी, एकोणीस वेळा, आठवतात तेवढ्या.
बेननी चष्मा वर केला, खाली केला,
माझ्याकडे पाहिलं नाही.
शिक्का मात्र जरा हळू मारला.

कुणी आलं नाही चौकशीला.
महिना गेला, वाट पाहिली, खरंच पाहिली.
मग खंडेराव मार्केटमधून पेचकस आणला
आणि कडी मीच काढली.
चार भोकं राहिली, आरपार,
दुपारी त्यातून उजेडाचे चार ठिपके त्यांच्या चादरीवर.
त्यांनी दोन दिवस बोटानं दाबून पाहिले.
तिसऱ्या दिवशी भोकांत सुरळ्या खोचलेल्या.
एक उलगडून बघितली : नंबर सात, मकरपुरा.
होती तशी परत खोचली.

यादीतली तिकिटं चारानं कमी झाली.
पुढच्या जूनला लिहायला हवं.